फुलाचं बटण

मसुराच्या डाळीएवढं ते फूल — तीन पाकळ्या, एक देठ, देठाला दोन पानं — कॅमेऱ्याच्या गोल बटणाच्या डाव्या कडेला पांढऱ्या रंगात छापलेलं, आणि सकुबाईचा अंगठा त्याच्यावर येऊन थांबलेला. दाबत नव्हता, उचलतही नव्हता, तवा तापला का बघताना हात वरच्यावर थांबतो तसा... आणि तिच्या मनात आलं ते एवढंच, की हे फूल आपल्याकडचं नाही. धसईच्या वरच्या डोंगरात नाही, बांधावर नाही, कुणाच्या परड्यात नाही. तिच्या अंगणवाडीत लावायला जो छापील तक्ता आला होता त्यात मात्र ते होतं, ट्यूलिप का कायसं, आणि गेली कित्येक वर्षं ती पोरांकडून ते नाव घोकून घेत होती. ते फूल तिनं बघितलं नव्हतं, पोरं बघणार नव्हती, आणि बहुधा तक्ता छापणाऱ्यानंही बघितलं नसावं.

“दाबा की ताई,” दुकानदार म्हणाला. “चावत नाय तो.”

ती हसायचं म्हणून हसली. अंगठा उचलून घेतला आणि कॅमेरा हळूच काचेवर ठेवून दिला.

शहापूरच्या एसटी स्टँडापासून दुकान जवळच होतं. अर्धं झेरॉक्सचं, अर्धं घड्याळांचं, आणि मधल्या कपाटात कॅमेरे. दुकानदार चाळिशीचा, चष्मा कपाळावर चढवलेला, बोलका. सकाळी धसईहून निघून मुरबाडला गाडी बदलून ती इथवर आली होती. मुरबाडला काय फोटोची दुकानं नव्हती? होती. पण मुरबाडच्या फोटोवाल्याच्या दारात ती पाय ठेवणार नव्हती, आणि त्याचं कारण घरी भिंतीवर टांगलेलं होतं.

तिची लेक भूमिका गेली तेव्हा अकरावीत होती. गेल्या कार्तिकात ताप आला, साधाच वाटला, आणि तो डोक्यात गेलाय हे कळेपर्यंत पोर हातची गेली. मग दिवसकार्याला फोटो हवा... हार कशाला घालणार? घरात तिचा सुटा असा एकच फोटो, दहावीच्या परीक्षेसाठी काढलेला, अंगठ्याच्या पेराएवढा: तेल थापून घातलेल्या दोन वेण्या, ओठ आवळलेले, डोळे असे की समोर फोटोवाला नसून पोलीस उभा आहे. चंदरनं, म्हणजे सकुबाईच्या नवऱ्यानं, तोच मुरबाडला नेऊन मोठा करून आणला. आणि फोटोवाल्यानं मोठा करता करता, मायेनंच म्हणा, शाळेचा ड्रेस पुसून तिच्या अंगावर मोरपंखी साडी चढवली, मागे निळं आभाळ घातलं, कपाळावर ठसठशीत टिकली ठेवली. पोरीला आयुष्यातली पहिली साडी नेसवली ती मेल्यावर, तीही फोटोत. लोक म्हणाले, छान आलाय हो. चंदर रोज आंघोळ झाली की टॉवेलच्या टोकानं ती काच पुसतो. त्याला सकुबाई कधी काही बोलली नाही. त्याचं दुःख त्यानं कुठेतरी पुसायलाच हवं. पण त्या साडीतल्या बाईकडे ती बघत नाही — कोण ही, कुठली, ही आमची नव्हे...

“काय काय काढणार तुमी? लग्नकार्य, बारसं?”

“फुलं,” ती म्हणाली. “जवळनं.”

“फुलंच?”

“फुलंच.”

हे खोटं नव्हतं. तिला खरोखरच नवा तक्ता करायचा होता; तेरडा, कुर्डू, सोनकी, कळलावी, पोरांच्या ओळखीची फुलं, खाली मोठ्या अक्षरांत नावं. घरातून निघताना चंदरलाही तिनं हेच सांगितलं होतं. तो म्हणाला, “फुलं दारात उभी हायत. त्यांचे फोटो कशाला काढाचे?” आणि मग वहाणा पायात सरकवता सरकवता थांबला, भिंतीकडे न बघता म्हणाला, “यंदा गौर नाय बसवाची आपल्यात. ध्यानात हाय ना?” जशी काही ती विसरली होती. वर्ष फिरल्याशिवाय सण नाही, हे तर अंगणवाडीतलं पोरही सांगेल. श्रावण अर्धा सरला, घरोघरी भिंती सारवून झाल्या, आणि आपल्या दारात तेरडा नुसताच वाढतोय, कुणी उपटणार नाही त्याला.

दुकानदारानं दोन कॅमेरे शेजारी शेजारी मांडले. एक जाडसर, रुपेरी, हाताला पकड बसेल असा. दुसरा पातळ, काळा, पाटीच्या पेन्सिलींच्या डबीएवढा.

“हा बघा, शिकणाऱ्याला बरा. सेलवर चालतो. तुमच्याकडं लाइट किती तास जाते?”

“येते किती तास ते विचारा.”

तो मोकळा हसला. “मग हाच घ्या. सेल संपले, नवीन टाकले, लोडशेडिंगचं टेन्शन नाय. फुलाचं बटन दाबलं की वीतभरावरनं पण साफ येतं. झूम मात्र तेव्हा करायचा नाय, आपणच पुढं जायचं. आणि हा दुसरा — चार्जिंगचा, आत्ताच निघालाय. हा माणसाचा चेहरा आपोआप शोधतो. तोंडावर चौकट येते.”

“आपोआप?”

“आपोआप. दहा माणसं उभी करा, दहा चौकटी.”

तिनं पातळ कॅमेऱ्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. आटगावच्या साईनाथनं, तिच्या भावाच्या मुलानं, फोनवर सांगितलं होतं ते तिनं मनात परत म्हणून घेतलं: “आत्ये, लय भारीतला नको घेऊ. हातात मावंल असा साधा घे. सेलचा घे. आन् फुलाचं बटन हाय का बघ, जवळचं त्याच्यानंच निघतं.” एवढं बोलून पोरानं एकदम पावसाचा विषय काढला होता. कशानं विषय बदलला ते तिला कळलं होतं, आणि तिला कळलंय हे त्यालाही. मग दोघं थोडा वेळ पावसाबद्दलच बोलले.

“आणि एक ध्यानात ठेवा,” दुकानदार म्हणाला, “बटन एकदम दाबायचं नाय. अर्धं दाबायचं, थांबायचं. हिरवी चौकट आली की मग पूर्ण. नवीन माणसं इथंच चुकतात.”

अर्धं दाबायचं. थांबायचं... मी थांबले नव्हते.

गौरी यायच्या दिवशी कोण थांबतं? भाजी-भाकरीचा नैवेद्य व्हायचा होता, चुलीवर तवा, तव्यावर भाकरी, परातीत पीठ, ओटीवर पाहुणे, आणि पोरी डोंगराच्या पायथ्याशी जाऊन गौर घेऊन आलेल्या — तेरड्याची जुडी, वर कळलावी. कळलावीला इकडे गौरीचे हातच म्हणतात, लाल-पिवळ्या पाकळ्या मागे वळलेल्या आणि आतले दांडे बोटांसारखे फाकलेले — आणि भूमिका पिवळ्या ड्रेसात तशीच धावत स्वयंपाकघराच्या दारात, एका हातात कळलावीचं एक फूल, दुसऱ्या हातात साईनाथचा कॅमेरा. साईनाथनं तो नवाच घेतला होता, सकाळी आणला आणि दुपारपर्यंत या कार्टीनं त्याची सगळी बटणं पाठ केली होती. “आये, चल, फोटो काढ.” मी म्हटलं, तव्यावर भाकरी हाय. “एकच. माझा नाय गो, या फुलाचा. माझे दोन्ही हात पुरत नायत, नायतर तुला कोण बोलावतंय?” आणि अंगणात ओढत नेऊन कॅमेरा माझ्या पिठाच्या हातात दिला, बोट धरून दाखवलं: हे फुलाचं बटन, हे मी दाबलंय, तू याला हात लावू नको, तू फक्त वरचं दाब. आणि दोन पावलं मागे गेली, हात लांब करून फूल माझ्यापुढे धरलं. मी दाबलं. एकदम. आणि तशीच तव्याकडे पळाले. भाकरी एका बाजूनं करपलीच होती. ती आम्ही नंतर खाल्ली, गौरीला दुसरी केली.

एवढंच. यात काही नव्हतं. दिवसातून अशी किती कामं आई चिडचिड करत करून टाकते.

साईनाथनं पोर गेल्यावर सगळ्या फोटोंचे कागद करून आणले. पाहुणे, आरास, गौर, आणि बायकांच्या घोळक्यात मागे कुठेतरी भूमिका, पाठमोरी, नाहीतर अर्धी कुणाच्या खांद्याआड. कॅमेरा सारखा तिच्याच हातात, मग ती येणार कुठून? समोरून असा एकच. त्यात फूल आलं होतं. असं आलं होतं की बघत राहावं. पाकळीची लहरी कड, दांड्याच्या टोकाची पिवळी पूड, आणि पाकळीच्या वळणावर एक मुंगी, जी त्या दिवशी अंगणात कुणाला दिसली नव्हती. आणि त्या फुलामागे, एका हाताच्या अंतरावर, पिवळा डाग, काळा डाग, आणि त्यांच्यामध्ये पाटीवरचं अक्षर ओल्या बोटानं पुसावं तसा चेहरा. नाक नाही, डोळे नाहीत. मधोमध एक पांढुरका पट्टा तेवढा: दात. हसत होती.

मुंगी आली आणि पोरगी नाही आली.

तेव्हापासून तो फोटो सकुबाईच्या पिशवीत आहे, प्लॅस्टिकच्या कागदात घातलेला, आत्ताही आहे. तिनं तो लांबून बघितलाय, डोळे बारीक करून बघितलाय, चंदरचा चष्मा लावून, उन्हाकडे धरून, मागच्या बाजूनं. तो कॅमेरा साईनाथनं मोबाइल घेताना देऊन टाकला, कॉम्प्युटरातलं कशानं तरी पुसलं गेलं, उरला हा कागद. पण पोर समोर उभी होती ना? कॅमेऱ्याला डोळा होता ना? मग त्यानं बघितलंच असणार, आत कुठेतरी असणारच तो चेहरा, ढवळलेलं पाणी घागरीत ठेवलं की निवळतं तसं काहीतरी करता येत असेल, आपल्याला ठाऊक नसेल, ज्यांचा हा धंदा आहे त्यांना असेल... मुरबाडच्या माणसाला दाखवावा तर तो या चेहऱ्यालाही नाक-डोळे काढून देईल, वर नथ घालेल. म्हणून शहापूर. म्हणून हा कॅमेरा, दुकानात शिरून विचारायला निमित्त. तक्ता खरा होता, पण तक्त्यासाठी कुणी दोन गाड्या करून येत नाही, हे चंदरलाही कळलं असेल. तो काही भोळा नाही.

“भाऊ,” ती म्हणाली, “एक विचारू का? फूल साफ आलं आणि मागचं फिसकटलं... तर मागचं मागाहून साफ करता येतं का?”

“मागचं म्हणजे?”

“मागं कोण उभं असलं तर.”

दुकानदारानं तिच्याकडे बघितलं. मग धंद्याचा माणूस तो, शब्दांपेक्षा वस्तू दाखवलेली बरी असं त्याला वाटलं असावं. दुकानाच्या पायरीवर रंगाच्या जुन्या डब्यात सदाफुली लावली होती, तिचं एक फूल त्यानं खुडून आणलं आणि तिच्या हातात दिलं.

“धरा. दारात उभ्या राहा, उजेडात. हात लांब करा. माझ्याकडं.”

ती उभी राहिली. हात लांब केला. रुपेरी कॅमेऱ्याचा बारीक आवाज झाला, आणि तो कॅमेरा घेऊन तिच्याजवळ आला.

पडद्यावर सदाफुली होती. गुलाबी, तळाशी गडद, देठावरची लवसुद्धा दिसत होती. आणि तिच्यामागे एक बाई होती, निळसर, तपकिरी, पुसलेली. कोणीही असेल ती. अंगणवाडीतली मदतनीस असेल, धसईच्या बाजारातली भाजीवाली असेल. खांद्याचा उतार आणि मानेचा कल तेवढा तिला ओळखीचा वाटला, पण तो आपला म्हणून नव्हे... तिनं ते पटकन मनातून बाजूला केलं.

“बघा, फुलाचं बटन चालू असलं की असं. मागचं जातं. जातं म्हणजे काय, येतच नाय. कॅमेऱ्यानं ते नीट घेतलेलंच नाय, मग नंतर आणणार कुठून? वरून रंगवता येईल, कॉम्प्युटरवर कुणी दुसरं तोंड बसवूनही देईल. पण ते आपलं बनवलेलं. होतं ते नाय येणार.”

“होतं ते नाय येणार,” ती म्हणाली. प्रश्न म्हणून म्हणाली नाही.

“नाय.”

तो चांगला माणूस होता. फसवलं असतं तर तिनं पैसे मोजले असते. आणि तिला वाटलं होतं तसं काही झालं नाही. पायाखालची जमीन सरकली नाही, डोळ्यांत पाणी आलं नाही. पिशवीचा बंद तेवढा तिनं खांद्यावर वर ओढला. आतला कागद एकदम हलका झाला असं वाटलं. जिथे इतके दिवस कुणीतरी राहत होतं, तिथे कुणी राहत नव्हतं. नव्हतंच कधी. भूमिका दुसऱ्यांदा गेली, शहापूरच्या बाजारात, दुपारी, आणि समोरच्या टपरीवर कुणीतरी भजी तळत होतं.

तिचा चेहरा बघून दुकानदाराला काय वाटलं कोण जाणे. गिऱ्हाईक हातचं जाईल असं वाटलं असेल, किंवा नुसतंच वाईट वाटलं असेल. तो काळा कॅमेरा घेऊन आला. “परत उभ्या राहा ताई. आता याच्यानं काढतो. बघा, कसा बरोबर तोंड पकडतो. फूल असंच धरा.”

नाही म्हणायचं त्राण नव्हतं म्हणून ती परत उभी राहिली. परत हात लांब केला. आणि आता, बघायचं असं काही उरलंच नव्हतं म्हणून असेल, तिला सगळं दिसायला लागलं.

दुकानदार दिसला. कॅमेरा छातीपुढे धरून खाली पडद्यात बघणारा, कपाळावर चष्मा, ओठ किंचित उघडे, भुवईत एक केस पांढरा. त्याच्यामागे भिंतीवरची घड्याळं, प्रत्येकाची वेळ वेगळी. झेरॉक्सच्या मशीनवर ठेवलेला चहाचा ग्लास. सगळं स्वच्छ, कडेपर्यंत. इथून, फुलाच्या मागून, काहीच फिसकटलेलं नव्हतं. ती त्याच्याकडे बघत होती आणि तो तिच्याकडे बघत नव्हता. तो पडद्याकडे बघत होता.

म्हणजे मीही.

मीही पडद्याकडे बघत होते, फूल चौकटीत राहतंय का ते बघत होते, आणि ती... ती इथे उभी होती. याच बाजूला. हात असाच लांब. आणि तिच्यासमोर घराचं दार होतं, दारातून येणारा चुलीचा धूर होता, आणि मी होते. पदर खोचलेली, हात पिठाचे. तिला मी दिसत होते. तिच्या आणि माझ्यामध्ये ना बटण, ना काच. माझ्या भुवईतला केस अन् केस दिसत असेल तिला, पोरीची नजर काय ती, सुईत दोरा मीच तिच्याकडून ओवून घ्यायची...

“हसा की ताई जरा.”

आवाज झाला. त्यानं पडदा तिच्यापुढे धरला. या खेपेला चेहरा आला होता, चौकटीनं तो बरोबर शोधला होता. पंचेचाळीस वर्षांची एक बाई, डोळ्यांखाली काळं, तोंड मिटलेलं, हात पुढे करून कुणाला तरी काहीतरी देणारी. सकुबाई त्या बाईकडे बघत राहिली. हाच का तो चेहरा, जो पोरीनं त्या दिवशी बघितला? नव्हे. या चेहऱ्याची पोर मेलेली आहे. त्या दिवशीच्या चेहऱ्याची मेलेली नव्हती. तो कुठे आहे? तोही कुणी काढून ठेवला नाही. अंगणात दोन चेहरे समोरासमोर होते आणि दोन्हींतला एकही कागदावर आला नाही. पण माझा कुणीतरी बघितला.

“आला की नाय झकास? मग हा देऊ?”

“फुलाचाच द्या,” ती म्हणाली.

“हा नको? विचार करा. पोरांचे, घरातल्यांचे...”

“फुलाचाच द्या भाऊ. सेलचा.”

तो खोका शोधायला आत वळला. सदाफुली अजून तिच्या चिमटीत होती. ती कुठे ठेवावी ते तिला सुचेना, म्हणून तिनं ती तशीच धरून ठेवली. आणि तो पांढुरका पट्टा परत डोळ्यांपुढे आला, फोटोतली तेवढी एकच खूण, की हसत होती. कशाला हसली असेल? इतके दिवस ती त्या हसण्यात पोरीचं तोंड शोधत होती. पोर हसतेय कशाला, काय बघून, हे तिनं विचारलंच नव्हतं. फूल तर तिच्याच हातात होतं, फुलाला कोण हसतं? समोर मीच होते. माझ्या नाकाला पीठ लागलं होतं का... का कॅमेरा वाकडा धरला होता, का मी तोंड वाकडं केलं होतं, भाकरी करपेल म्हणून बडबडत होते? बडबडत तर होतेच. वर्षभर हेच ठाऊक आहे मला, रात्री कुशीवर वळलं की हेच आधी आठवतं, की एक फोटो काढायचा तर मी किती कावले होते... पण आई चिडलेली असताना ती पोर अशी दात दाखवून हसली नसती; ओठ आवळून, मान खाली घालून उभी राहिली असती, परीक्षेच्या फोटोत आहे तशी. मग?

मग मीच आधी हसले होते का?

ती आठवायला लागली. अंगण आठवलं, धूर आठवला, पायाखालची ओली माती आठवली, फूल, पिवळा ड्रेस, “आये, वरचं दाब,” सगळं एकेक करून आठवलं, आणि त्या सगळ्याच्या मधोमध जिथे तिचा स्वतःचा चेहरा असायला हवा तिथे ओलं बोट फिरलेलं होतं. दुकानदारानं खोका काचेवर ठेवला, सेल दाखवले, फुलाचं बटण कुठे आहे ते परत एकदा दाखवलं; ती मान हलवत राहिली. त्या दिवशी आपण चिडलो होतो, एवढी एक गोष्ट तरी तिला आजवर नक्की ठाऊक होती. आता तेही खात्रीनं सांगता येईना.